शोकेसमधला नटराज

आमच्या टीममधल्या एकाने वाकडला फ्लॅट घेतला. वास्तुशांतीला काय द्यायचं यावर रीतसर मेलामेली झाली, वर्गणी निघाली आणि फूटभर उंचीचा पितळी नटराज द्यायचं ठरलं. लगेच एकीचा रिप्लाय आला, "नटराज नको गं बाई, घरात तांडव कशाला?" तिच्या सासूबाईंच्या मते नाचणारा शंकर घरात आला की भांडणं सुरू होतात. त्यावर दुसऱ्याचं उत्तर : "अरे, सर्नमध्ये ठेवलाय तो. कॉस्मिक डान्स आहे!" मग काय, दिवसभर कोणी काम केलं नाही. शेवटी नटराजच घेतला. खोक्यात एक गुळगुळीत कागद होता. डमरू म्हणजे सृष्टी, अग्नी म्हणजे संहार, उजवा तळवा म्हणजे अभय, पायाखालचा बुटका म्हणजे अज्ञान, भोवतालचं ज्वालांचं वर्तुळ म्हणजे विश्व. अगदी एपीआयच्या डॉक्युमेंटेशनसारखं. प्रत्येक अवयवापुढे एकेक ओळ.

माझ्या डोक्यात घोळत राहिला तो हा कागद. हे अर्थ कुणी ठरवले? कधी? ज्या कारागिराने पहिल्यांदा ही मूर्ती ओतली, त्याच्या काळातल्या माणसाला नटराज म्हणजे काय विचारलं असतं तर त्याने हीच यादी सांगितली असती का? त्यानंतरचे बरेचसे वीकएंड यातच गेले. (बायको म्हणते, एवढं वाचन क्लायंटच्या स्पेक्सचं केलं असतंस तर!)

पहिली गोष्ट म्हणजे नाचणारा शिव आपल्याकडे जुनाच आहे. लाँचने घारापुरीला गेलात तर मुख्य लेण्याच्या उत्तरेकडच्या दारापाशीच तो भेटतो. हातपाय तुटलेले, तरीही अंगातली लय शाबूत. सहाव्या शतकाच्या आसपासचं काम. वेरूळच्या लेण्यांमध्ये तो आहे, बदामीच्या पहिल्या लेण्यात तर अठरा हातांचा आहे. पण यातला एकही आपल्या शोकेसमधला नटराज नव्हे. कमरेपर्यंत उचललेला डावा पाय, पायाखाली चिरडलेला बुटका, उडणाऱ्या जटा आणि सगळ्याला वेढणारं ज्वालांचं कडं, हे जे पॅकेज आहे ना, ते पक्कं झालं तमिळ देशात, चोळांच्या राज्यात, साधारण दहाव्या शतकात. लहानपणी कंपासपेटीत असलेल्या नटराज पेन्सिलीपासून नाटकाच्या प्रयोगाआधी विंगेत होणाऱ्या नटराजपूजनापर्यंत आपण जो नटराज म्हणून ओळखतो, तो हा कावेरीकाठचा पाहुणा.

त्याला घडवण्यात एका बाईचा मोठा वाटा आहे. सेंबियन महादेवी. चोळ राजा गंडरादित्याची राणी. तरुणपणीच वैधव्य आलं आणि त्यानंतरचं सगळं लांबलचक आयुष्य तिने विटांची जुनी देवळं दगडात बांधून काढण्यात आणि त्यांना मूर्ती देण्यात घालवलं. तिने बांधलेल्या देवळांच्या बाहेरच्या भिंतीवर, दक्षिणेच्या बाजूला, एका कोनाड्यात नटराज ठरलेला असतो. धातूचे मोठे नटराजही त्याच सुमाराला दिसू लागतात.

तिच्यानंतर आला पहिला राजराज. त्याचं तंजावरचं मोठं देऊळ १०१० मध्ये पूर्ण झालं. देवळाच्या भिंती शिलालेखांनी भरलेल्या आहेत आणि त्यात देवळाला दिलेल्या धातूच्या मूर्तींची अक्षरशः इन्व्हेंटरी आहे. कुठली मूर्ती किती उंच, किती हातांची, तिला कोणते दागिने, त्या दागिन्यांचं वजन किती. तिथे नटराजाचं नाव आहे 'आडवल्लान', म्हणजे नाचण्यात पटाईत असलेला. आणि आता खरी गंमत. त्याच शिलालेखांत सोनं तोलायच्या प्रमाण वजनाचं नावही आडवल्लान आहे, आणि धान्य मोजायच्या मापाचंसुद्धा! म्हणजे त्या काळच्या तंजावरच्या माणसासाठी नटराज हा विश्वनृत्य वगैरे असेल-नसेल, पण तो तराजूत होता, धान्याच्या मापात होता. त्याच्या नावाने हिशोब व्हायचे.

या मूर्ती होत्या कशासाठी? गाभाऱ्यात असतं शिवलिंग, ते जागचं हलत नाही. पण उत्सवात देवाने बाहेर यायला हवं, रस्त्यावरच्या माणसाला दर्शन द्यायला हवं. त्यासाठी या उत्सवमूर्ती. पालखीची गोष्ट मराठी माणसाला वेगळी सांगायला नको. म्युझियममध्ये नटराज बघाल तेव्हा त्याचा चेहरा सोडून जरा खाली, पीठाकडे बघा. तिथे भोकं किंवा कड्या असतात, दांडे घालून मूर्ती उचलण्यासाठी. शिवाय मिरवणुकीतला नटराज रेशमी वस्त्रं, हार, दागिने यांनी इतका झाकलेला असतो की चेहरा, हात आणि तो उचललेला पाय एवढंच दिसतं. ज्या कमरेच्या बाकावर, मांडीच्या रेषेवर कलासमीक्षक पानंच्या पानं लिहितात, ती भाविकाला क्वचितच दिसायची. चिदंबरमला तर नटराज हाच गाभाऱ्यातला मुख्य देव, आणि तो स्वतः वर्षातून दोनदा रथात बसून बाहेर पडतो.

आणखी एक निरीक्षण. अखंड पूजेत राहिलेल्या मूर्तींचे नाक-डोळे रोजच्या अभिषेकाने, चोळण्या-पुसण्याने झिजून जातात. म्युझियममधल्या मूर्ती मात्र बऱ्याचदा धारदार, रेखीव दिसतात. का? कारण त्या शतकानुशतकं जमिनीत होत्या. त्यांना कोणी न्हाऊ घातलं नाही, म्हणून त्या सुंदर राहिल्या.

जमिनीत का होत्या, त्याकडे येतोच. त्याआधी माझ्यातल्या इंजिनिअरसाठी एक परिच्छेद सहन करा. या मूर्ती ओतण्याची पद्धत मेण वितळवण्याची. मेणात राळ मिसळून आख्खी मूर्ती बोटांनी घडवायची, त्यावर नदीच्या बारीक गाळाचे थर द्यायचे, भट्टीवर धरून मेण वाहून जाऊ द्यायचं आणि पोकळीत वितळलेला धातू ओतायचा. थंड झाल्यावर साचा फोडायचा. साचा फुटला म्हणजे ती मूर्ती एकमेव, दुसरी कॉपी नाही. धातू किती लागणार हे आधी कसं कळणार? कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लासा'त हिशोब दिलाय : मेणाच्या वजनाच्या आठपट तांबं किंवा पितळ, बारापट चांदी, सोळापट सोनं. घनतेच्या तक्त्याशी ताडून पाहिलं. तांब्याला साधारण नऊ येतं, चांदीला अकरा, शुद्ध सोन्याला वीस. तांब्या-चांदीचे आकडे चांगलेच जवळचे आहेत, सोन्यात मिसळ धरली तर तोही फार लांब नाही. नऊशे वर्षांपूर्वीचं एस्टिमेशन म्हणून आमच्या प्रोजेक्टपेक्षा बरंच अचूक! असो.

आता तो खोक्यातला कागद. त्यातला मजकूर काही कोणी हवेतून काढलेला नाही. तमिळ शैव सिद्धांतात शिवाची पाच कामं सांगितली आहेत : सृष्टी, स्थिती, संहार, तिरोभाव आणि अनुग्रह. तेराव्या शतकातल्या 'उण्मै विळक्कम' नावाच्या छोट्याशा ग्रंथात ही पाच कामं नटराजाच्या अंगांवर बसवली आहेत. डमरूतून सृष्टी, अभय देणाऱ्या हातातून स्थिती, अग्नीतून संहार, टेकलेल्या पायातून तिरोभाव, म्हणजे सत्य झाकून ठेवणं, आणि उचललेल्या पायातून अनुग्रह, म्हणजे कृपा. चौथा हात, हत्तीच्या सोंडेसारखा झुकलेला, त्या उचललेल्या पायाकडेच बोट दाखवतो. 'इकडे बघ' असं सांगतो म्हणा ना. नीट पाहिलं तर सगळ्या रचनेचा कल त्या पायाकडे आहे. आपल्या कागदावर नेमका त्याचाच उल्लेख नव्हता. डमरू आणि अग्नी भाव खाऊन गेले.

आणि हेही लक्षात घ्या, की तेरावं शतक म्हणजे मूर्ती दिसू लागल्यावर तीनेकशे वर्षांनी. त्याच्याही आधी, सातव्या शतकात, संत अप्पर चिदंबरमच्या नर्तकावर पदं रचत होते. ते अर्थाची यादी देत नाहीत, रूप बघून हरखून जातात. आधी प्रेम, नंतर डॉक्युमेंटेशन. (सॉफ्टवेअरमध्ये तरी दुसरं काय होतं?)

मग मूर्ती जमिनीत कशा गेल्या? चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला मलिक काफूरची स्वारी तमिळ देशात खोलवर आली, १३११ मध्ये. पुढेही युद्धं होत राहिली. अशा वेळी पुजारी धातूच्या मूर्ती देवळाच्या आवारात किंवा शेतात खड्डे करून पुरून ठेवत. परत काढू या आशेने. कित्येकदा ज्यांना जागा ठाऊक होती ती माणसंच उरली नाहीत. म्हणून आजही तंजावरकडे विहीर खणताना, घराचा पाया घालताना मूर्ती निघतात.

यात आपल्या इतिहासाचा एक धागा आहे आणि तो मला तरी आधी ठाऊक नव्हता. १६४८ मध्ये चिदंबरमचा नटराज युद्धाच्या धास्तीने देवळातून हलवण्यात आला. कुडुमियानमलै, मदुरै असा त्याचा मुक्काम पडत गेला. तो परत चिदंबरमला आला १६८६ मध्ये. जवळजवळ अडतीस वर्षं देव घराबाहेर! तोवर महाराजांनी १६७७ मध्ये जिंजी घेतली होती आणि हा मुलूख मराठ्यांच्या अमलाखाली आला होता. नटराजाची पुन्हा स्थापना झाली ती संभाजीराजांच्या कारकिर्दीत, आणि त्याची नोंद ताम्रपटांत आहे. देव किती दिवस बाहेर होता याचा हिशोब त्यात वर्षं-महिने-दिवस असा दिलाय. मूर्ती हे नुसतं प्रतीक असतं तर दिवस कशाला मोजले असते? दुसरी बनवून घेतली असती. दिवस मोजतात ते घरातलं माणूस परागंदा झालं तर.

खोक्यातला कागद मात्र विसाव्या शतकाचा आहे, आणि त्याचा लेखक बऱ्यापैकी नेमका सांगता येतो. आनंद कुमारस्वामी. जन्म कोलंबोचा, वडील तमिळ, आई इंग्रज. शिक्षणाने भूगर्भशास्त्रज्ञ, सिलोनच्या खनिज सर्वेक्षणाचा संचालक. पुढे दगड सोडून मूर्तींच्या मागे लागला (सायन्सवाल्यांनी वीकएंडला संस्कृतीत लुडबुड करण्याची परंपरा जुनी आहे!). १९१२ मध्ये मद्रासच्या 'सिद्धांत दीपिका' या नियतकालिकात त्याने शिवाच्या नृत्यावर एक निबंध लिहिला. त्याच नावाचं त्याचं पुस्तक १९१८ मध्ये न्यूयॉर्कला निघालं. तमिळ ग्रंथांतले उतारे देत त्याने जगाला सांगितलं की हे चार हातांचं विचित्र प्रकरण नसून विश्वाच्या चलनवलनाची प्रतिमा आहे. हिंदू मूर्तींना राक्षसी, बेढब म्हणून हिणवणाऱ्या काळात हे लिहिणं किती मोठं काम होतं, ते आज आपल्याला कळणं कठीण आहे. त्याच सुमाराला, १९१३ मध्ये, पॅरिसमध्ये शिल्पकार रोदँ मद्रास म्युझियममधल्या नटराजांचे नुसते फोटो पाहून वेडावला आणि त्याने त्यावर लिहून ठेवलं. ते छापलं गेलं तो वारल्यावर, १९२१ मध्ये. त्याला अर्थाशी देणंघेणं नव्हतं, तो शरीर बघत होता.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. १९७५ मध्ये फ्रिट्यॉफ काप्राने भौतिकशास्त्रातल्या कणांची उलथापालथ आणि शिवाचं नृत्य यांची सांगड घातली. १९८० मध्ये कार्ल सेगनच्या 'कॉसमॉस'मध्ये नटराज झळकला. १८ जून २००४ रोजी जिनिव्हाजवळ सर्नमध्ये भारत सरकारने भेट दिलेल्या दोन मीटरच्या नटराजाचं अनावरण झालं. आपल्या टीममधल्या वादाचं मूळ हे. तिथेही सगळे सारखं बघत नाहीतच. २०१६ मध्ये काही टवाळांनी त्या मूर्तीसमोर रात्री नरबळीचा खोटा व्हिडिओ बनवला आणि सर्नला चौकशी करावी लागली होती.

मला कुमारस्वामीबद्दल आदर आहे. पण त्याच्या निबंधाने एक गोष्ट झाली असं मला वाटतं. अर्थ मूर्तीच्या आकारात आहे म्हटल्यावर मूर्तीला गावाची गरज उरली नाही. देऊळ, रथ, पुजारी, धान्याचं माप, हे सगळं वगळलं तरी नटराज 'पूर्ण' राहतो. मग तो न्यूयॉर्कच्या दालनात राहू शकतो, वाकडच्या टीव्ही युनिटवर राहू शकतो. आणि ज्याची कुठेही किंमत होते ते कुठूनही उचललं जातं.

शिवपुरमची गोष्ट ऐका. तंजावरजवळच्या या गावात १९५१ मध्ये शेतात नटराज आणि इतर मूर्ती सापडल्या. त्या देवळाला मिळाल्या, काही वर्षांत दुरुस्तीसाठी कारागिराकडे गेल्या. परत आली ती नक्कल. गावकरी भक्तिभावाने तिची पूजा करत राहिले. १९६५ मध्ये ब्रिटिश म्युझियमच्या डग्लस बॅरेटने लिहिलं तेव्हा बोभाटा झाला की देवळात आहे तो नकली. अस्सल नटराज १९७३ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्टन सायमन या संग्राहकाने नऊ लाख डॉलरला घेतला. खटला, तडजोड, आणि मूर्ती १९८६ मध्ये परत. यात मला छळणारा प्रश्न वेगळाच आहे. त्या मधल्या वर्षांत गावकऱ्यांनी ज्याला नैवेद्य दाखवला तो देव नव्हता का? कलेच्या व्यापाऱ्याचं उत्तर सोपं आहे, नव्हता. गावातल्या आजीचं उत्तर काय असेल याची मला खात्री देता येत नाही.

दुसरी गोष्ट पाथुरची. १९७६ मध्ये एका मजुराला खोदताना नटराज मिळाला. तो विकत विकत लंडनला पोचला आणि १९८२ मध्ये कॅनडातल्या बम्पर नावाच्या कंपनीने तो घेतला. साफसफाईसाठी ब्रिटिश म्युझियममध्ये असताना स्कॉटलंड यार्डने जप्त केला. मग लंडनच्या कोर्टात दावा उभा राहिला. दावेदारांत भारत सरकार होतं, तमिळनाडू सरकार होतं, पडकं देऊळ होतं आणि तिथलं शिवलिंगसुद्धा होतं! आपल्या कायद्यात देव ही मालमत्ता बाळगू शकणारी व्यक्ती असते. मातीचे नमुने, धातूची तपासणी, मूर्तीवरचे वाळवीचे माग, सगळं तज्ज्ञांनी बघितलं. १९९१ मध्ये अपील कोर्टाने देवळाचा हक्क मान्य केला आणि नटराज त्याच वर्षी भारतात आला. विश्वनृत्याचं तत्त्वज्ञान तिथे कामाला आलं नाही. कामाला आला तो चोळकालीन हिशोब : हा अमुक देवळाचा, त्याला घरी जाऊ द्या.

श्रीपुरंथानचा नटराज तर आपल्या हयातीतला. ओस पडलेल्या देवळातून चोरीला गेला, आणि २००८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल गॅलरीने न्यूयॉर्कच्या सुभाष कपूर या व्यापाऱ्याकडून सुमारे पन्नास लाख डॉलरला घेतला. सोबत मूर्ती आधीच भारताबाहेर असल्याचे खोटे कागद. कपूर २०११ मध्ये जर्मनीत पकडला गेला, मूर्ती २०१४ मध्ये परत आली, आणि २०२२ मध्ये कुंभकोणमच्या कोर्टाने त्याला दहा वर्षांची शिक्षा दिली. अशा मूर्ती ओळखायच्या कामात पाँडिचेरीच्या फ्रेंच इन्स्टिट्यूटने काढून ठेवलेले देवळांचे जुने फोटो फार उपयोगी पडले. आणि ते फोटो म्युझियमच्या कॅटलॉगशी जुळवत बसणाऱ्यांत सिंगापूरला शिपिंगमध्ये नोकरी करून फावल्या वेळात ब्लॉग लिहिणारा एस. विजय कुमारही होता. नंतर त्याने यावर पुस्तकच लिहिलं.

पण परत येणं म्हणजे घरी जाणं नव्हे. पुन्हा चोरी होऊ नये म्हणून सरकारने तिरुवारूरसारख्या ठिकाणी पहाऱ्यातली केंद्रं केली आहेत आणि गावोगावच्या मूर्ती तिथे कुलुपात आहेत. पाथुरचा नटराजही लंडनहून आल्यावर वर्षानुवर्षं असाच बंदोबस्तात राहिला. रथ नाही, अभिषेक नाही. सुरक्षित मात्र आहेत. याला पर्याय काय, हे मलाही सुचत नाही. खेड्यातल्या देवळाला रात्रीचा एक पहारेकरी परवडत नाही ही वस्तुस्थिती आहे.

या सगळ्यात ओतकाम थांबलेलं नाही. कुंभकोणमजवळ स्वामीमलैला स्थपती मंडळी आजही त्याच मेणाच्या पद्धतीने काम करतात. २०२३ मध्ये जी-२० परिषदेसाठी दिल्लीच्या भारत मंडपमसमोर जो सुमारे २७ फुटी, १८ टनांचा नटराज उभा राहिला, तो तिथलाच. दुकानातले आपले पितळी नटराज बहुधा अलीगढ-मुरादाबादकडचे असतात, वाळूच्या साच्यातून शेकड्याने निघालेले. स्वामीमलैला मात्र एकाच भट्टीतून दोन्ही प्रकारच्या मूर्ती निघतात, देवळात जाणाऱ्या आणि दिवाणखान्यात जाणाऱ्या. धातू, माप, ध्यानश्लोक सगळं सारखं. देवळाच्या मूर्तीचे डोळे मात्र अगदी शेवटी, मुहूर्त बघून, विधीने उघडतात, आणि पुढे देवळात प्राणप्रतिष्ठा होते. दिवाणखान्यातल्या मूर्तीच्या वाट्याला हे दोन्ही येत नाही. तेव्हा त्या सासूबाईंना सांगायला हरकत नाही, की वाकडला गेलेल्या नटराजाने अजून नाच सुरूच केलेला नाही.